पुसण्यात आले

“मोजून करणार काय, बाई? रेशनकार्ड काढून देणार का त्यांना?”

दाण्याच्या खोलीच्या दारात उभे राहून रणवरे विचारत होते. माझ्यासमोर पत्र्याच्या पेटीवर पांढरी कार्डं मांडलेली होती, पोस्टकार्डाएवढी. दर शुक्रवारी मी ती पागेतल्या खांबांवर टाचून ठेवत असे आणि पुढच्या शुक्रवारी काढून घेत असे. माशी जिथं बसते तिथं ठिपका टाकते. आठवड्यात एका कार्डावर शंभराच्या वर ठिपके गेले, की माशा हाताबाहेर गेल्या असं समजायचं.

“दोनशे चौदा,” मी म्हणाले. “गेल्या शुक्रवारी एकशे नव्वद होते.”

“आडनाव गवाणकर आहे म्हणून दिवसभर गवाणीत डोकं घालून बसलंच पाहिजे असं नाही हो.”

स्वतःच्या विनोदावर ते मनापासून हसले. त्यांच्या मागे धोंडीराम वाघमोडे बादली घेऊन उभे होते. ते हसले नाहीत.

ही तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. कऱ्हेच्या काठावर एका खाजगी मालकाचं ते स्टड होतं, घोड्यांची पैदास करणारं. सव्वीस घोड्या आणि त्यांची शिंगरं. रणवरे तिथले मॅनेजर, मालकांचे साडू. घोड्यांच्या सात पिढ्या त्यांना तोंडपाठ होत्या, आणि अडलेली घोडी सोडवताना त्यांचा हात चालताना मी पाहिला होता. तो माणूस कामात कच्चा नव्हता. धोंडीराम मोतद्दार. खरारा करणं, दाणा-पाणी, लीद काढणं, दुखलंखुपलं पाहणं, सगळं त्यांच्याकडे. एकतीस वर्षं त्यांनी याच कामात काढली होती. मी सत्तावीस वर्षांची, कीटकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. माशा कमी करायला सहा महिन्यांसाठी आणलेली. पागेत मला ‘माशीवाल्या बाई’ म्हणत.

“माशा कुठून येतात ते मी लिहून दिलंय,” मी म्हणाले. “पागेमागचा लिदीचा ढीग. मशरूमवाले ती खतासाठी न्यायला महिन्यातून एकदा ट्रॅक्टर आणतात, तोवर लीद तिथं ओली पडून असते. अंड्याची माशी व्हायला दोन आठवडे पुरतात. लीद रोज नेली, उन्हात पातळ पसरली, तर तीन आठवड्यांत—”

“परवा रविवार आहे. मुंबईचे पाहुणे अबोलीला बघायला येणार. शिंगरू पोटात असतानाच त्यांना बोलणी करायचीत. घोडी अशी पाय आपटत राहिली तर ते काय बघणार? मला परवा पाहिजे, बाई. तीन आठवड्यांनी नाही.”

अबोली तिथली सगळ्यांत देखणी घोडी. केशरी झाक असलेला तांबूस रंग, आठ महिन्यांची गाभण. चावरी माशी घोड्याचे पुढचे पाय धरते. अबोलीच्या दोन्ही पायांवर गुडघ्याखाली रक्ताचे बारीक ठिपके वाळलेले असायचे आणि दिवसभर तिचा पाय फरशीवर आपटत असायचा. तिला त्रास होत होता, हे खरंच होतं.

रणवऱ्यांनी खिशातून एक तपकिरी बाटली काढून पेटीवर ठेवली. “शेजारच्या डेअरीतून आणलंय. गोचिडाचं औषध. म्हशीच्या अंगावर गोचीड टिकत नाही, तिथं माशी काय चीज आहे.”

मी लेबल वाचलं. अमिट्राझ. गाय, म्हैस, शेळी, कुत्रा. एका लिटरला दोन मिली.

“यावर घोड्याचं नाव नाही,” मी म्हणाले.

“घोडं जनावर नाही वाटतं?”

“हे घोड्याला चालत नाही. त्याच्या पोटाला अपाय होतो.”

“त्याला प्यायला कोण देतंय? अंगाला पुसायचंय.”

“तरीही. पुस्तकात आहे.”

“पुस्तकात!” त्यांनी धोंडीरामांकडे पाहिलं. दोन जाणत्यांनी तिसऱ्या अडाण्याबद्दल एकमेकांकडे पाहावं तसं. “धोंडीराम, उद्या सकाळी अबोलीपासून सुरू कर. पाय, पोट, मान, सगळं पुसून काढ. दोन मिलीनं काही होत नाही, लिटरला पाच घाल.”

ते गेले. धोंडीरामांनी बादली खाली ठेवली. ते बाटलीकडे बघत नव्हते, माझ्याकडे बघत होते.

“बाई, लावू का मग?”

मी कार्डं गोळा करत होते.

“साहेब सांगतील तसं करा,” मी म्हणाले.

शनिवारी दुपारी मी पागेत आले, तेव्हा अबोली मान खाली घालून उभी होती. पाय आपटत नव्हती. तिच्या अंगावर माशी नव्हती. खालचा ओठ लोंबत होता. गवाणीतला दाणा तसाच.

धोंडीराम तिच्या अंगावर पाण्याची बादली ओतत होते. बाजूला कपडे धुण्याचा साबण.

“सकाळपास्नं असंच हाय,” ते म्हणाले. “निम्मं पुसून व्हायच्या आतच डोळं जड झालं तिचं. मी बाकीच्यांस्नी हात लावला न्हाय. साहेब बोंबलत्याल, बोंबलू देत.”

मी तिच्या कुशीला कान लावला. घोड्याचं पोट कधी गप्प नसतं. चांगल्या घोड्याच्या कुशीला कान लावला तर आत कुणीतरी मोठी भांडी हलवतंय असं ऐकू येतं. दुसऱ्या बाजूला जाऊन कान लावला. मनात दोनशेपर्यंत आकडे मोजले. काहीच नाही.

मी ऑफिसात जाऊन रणवऱ्यांना सांगितलं की पुण्याहून डॉक्टर बोलवा, आत्ता, आतडं थांबलंय.

“शांत झालीय ती, बाई. चार महिन्यांत पहिल्यांदा निवांत उभी आहे.”

“पोटात आवाज नाही.”

“उद्या पाहुणे जाऊ देत. सुया टोचलेली घोडी दाखवू का मी त्यांना?”

मी स्वतःच फोन उचलला. त्यांनी वायर भिंतीतून ओढून काढली. रागानं नाही, एखाद्या लहान मुलाच्या हातातून सुरी काढून घ्यावी तशी, हसत. मी चालत फाट्यावर गेले, तिथल्या टपरीवरून फोन केला. डॉक्टर बोथरा एका लग्नाला सोलापूरला गेले होते. उद्या दुपारी येतील, असं त्यांच्या घरून सांगितलं.

रविवारी सकाळी अकरा वाजता पाहुणे आले. धोंडीरामांनी अबोलीला आवारात उभं केलं. एका हातात लगाम आणि दुसरा तळहात तिच्या हनुवटीखाली, मान वर दिसावी म्हणून. पाहुण्यांबरोबर पांढऱ्या टोपीतल्या एक बाई होत्या. त्या अबोलीच्या कपाळावरून हात फिरवत म्हणाल्या, “किती शांत आहे हो! आमच्याकडच्या अगदी चावऱ्या.”

“संस्कार आहेत, ताई,” रणवरे म्हणाले.

मी दहा पावलांवर उभी होते. तेवढ्यात अबोलीनं मान वळवून स्वतःच्या कुशीकडे पाहिलं. घोडा असं उगीच पाहत नाही. मग पुन्हा पाहिलं. धोंडीरामांनी तिचं तोंड हळूच सरळ केलं. त्यांचे ओठ हलत होते. तिच्याशी बोलत होते की रणवऱ्यांना शिव्या घालत होते, मला कळलं नाही.

डॉक्टर बोथरा तीनला आले. त्यांनी नाकातून नळी घालून तेल सोडलं, शिरेतून सलाईन लावलं, आणि बाटलीचं लेबल वाचून झाल्यावर रणवऱ्यांकडे नुसतं पाहिलं. “काल का नाही बोलावलंत?” एवढंच म्हणाले. सोमवारी सकाळी सात वाजता अबोली मेली. पोटातल्या शिंगरासकट.

दहाला रणवऱ्यांनी मला ऑफिसात बोलावलं. टेबलावर पागेचं रजिस्टर उघडं होतं. ते रजिस्टर मीच सुरू केलेलं. पहिल्याच आठवड्यात मी मोतद्दारांना सांगितलं होतं की जे केलं ते लिहायचं, त्याच दिवशी, आपल्या हातानं. बाकीचे टाळत. धोंडीराम चौथी शिकलेले, पण रोज लिहीत, शिसपेन्सिलनं, ओळ न चुकता.

रणवऱ्यांचं बोट शनिवारच्या ओळीवर होतं. *अबोलीला औषध दिलं. सकाळी.*

“वाचा,” ते म्हणाले. “दिलं. त्याच्या हातचं आहे. मी म्हणालो पूस, यानं पाजलं.”

“ते लोक असंच म्हणतात. पिकाला औषध दिलं, झाडाला औषध दिलं. लावलं, मारलं, दिलं, सगळं एकच.”

“तुम्ही म्हणता तसं. पोलिस वाचतील ते जे लिहिलंय ते वाचतील.” त्यांनी खुर्ची मागे रेलली. “चारला मालक येतायत. तुम्ही शास्त्र शिकलेल्या. अर्धं पान लिहून द्या. विष पोटात गेलं, घोडी गेली. मग हा माणूस उद्या कुठल्या पागेत उभा राहतो बघू.”

यातलं शेवटचं वाक्य त्यांनी खुशीत म्हटलं. मला आजही त्या खोलीतला मालकांच्या घोड्यांच्या फोटोंचा क्रम आठवतो, कारण मी रणवऱ्यांकडे बघणं टाळून त्या फोटोंकडे बघत होते. इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता. एकतीस वर्षं घोड्यांच्या पायांशी वाकलेला माणूस, आणि त्याला एका क्रियापदावर बुडवायचं. तेही मीच लिहायला लावलेल्या.

“लिहून देते,” मी म्हणाले.

दाण्याच्या खोलीत बसून मी अहवाल लिहिला. माझ्या मते तो निर्दोष होता. अमिट्राझ घोड्याच्या आतड्यांची हालचाल थांबवतं, त्यासाठी ते पोटात जावं लागत नाही, त्वचेतून शोषलं जातं. प्रमाण शिफारशीच्या अडीचपट. तोंडात, जिभेवर, नाकपुड्यांत औषधाचा वास नव्हता. हे मी आणि डॉक्टर दोघांनी तपासलं होतं. शेवटचं वाक्य: *दि. ११ रोजी सकाळी द्रावण घोडीच्या अंगाला पुसण्यात आले. तोंडावाटे दिल्याचा कोणताही पुरावा आढळला नाही.*

मी तो कागद घेऊन पागेत गेले. अबोलीच्या ठाणापाशी धोंडीराम उकिडवे बसले होते. ठाण धुऊन झालं होतं. तिची दोरी त्यांनी गुंडाळून मांडीवर घेतली होती.

मी त्यांना सगळं वाचून दाखवलं. मला वाटत होतं की ते उठतील, हात जोडतील. खरं सांगायचं तर मी त्याची वाट पाहत होते.

“फिरून वाचा शेवटचं,” ते म्हणाले.

मी वाचलं.

“पुसण्यात आलं म्हंजी? कुणी पुसलं?”

“ते असंच लिहितात, मामा. अहवालात ‘करण्यात आले’ असंच असतं.”

“कोण लिवतं?”

“सगळे. शास्त्रात माणसाचं नाव घालत नाहीत. काय घडलं तेवढं लिहायचं.”

“आपल्याआपच पुसलं व्हय ते? फडकं उडून गेलं तिच्या अंगावर?” त्यांनी दोरी खाली ठेवली. “मी पुसलं. लिवा तसं. धोंडीबा वाघमोड्यानं पुसलं. मला त्याचं काय न्हाय. पण मला कुणी सांगितलं? त्ये कुठाय यात?”

मी कागदाकडे पाहिलं.

“रणवरे साहेब कुठायत यात?” ते म्हणाले. “ह्या कागदावर दुसरा माणूसच न्हाय. मग मालक काय म्हणंल? पाजलं न्हाय, पुसलं. बरं. कोण पुसतंय पागंत? मोतद्दार पुसतोय. झालं. मीच.”

“मी त्यांचं नाव घालते.”

“आन तुमचं?”

मला एकदम संताप आला. मी वायर तुटल्यावर फाट्यापर्यंत चालत गेले होते. रात्री त्यांच्याबरोबर सलाईनची बाटली धरून उभी राहिले होते. “माझं काय? मी शुक्रवारीच सांगितलं होतं! तुमच्यासमोर! घोड्याला चालत नाही म्हणाले होते की नाही?”

“म्हणालात. साहेबास्नी.” ते ओरडले नाहीत. “साहेब गेल्यावर मी काय इचारलं तुमास्नी?”

मी हातातला कागद दुमडला.

“साहेबाला घोडी इकायची व्हती, त्याचं काय ऐकायचं. पण ह्या बाई शिकलेल्या हायत, म्हणलं, ह्यांस्नी इचारावं. तुमी नको म्हणाला असता, तर बाटली मी हितंच मोरीत वतली असती. साहेबानं हाकललं असतं तर हाकललं असतं. मला निस्तं ‘नको’ पायजे व्हतं. एक शबुद.” ते उभे राहिले. “तुमी कार्डं गोळा करत व्हता.”

ते पागेच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. मी तिथंच उभी होते. शुक्रवारी मला काय वाटलं होतं ते मला नीट आठवत होतं. मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं अर्धं पान डोळ्यांपुढे होतं, आतडं थांबतं हे शब्द होते. आणि मला वाटलं होतं, रणवऱ्यांनी माझ्या कार्डांची टिंगल केली ना, मग होऊ दे त्यांच्या मनासारखं. बघू देत.

मी तो अहवाल फाडला आणि नवा लिहिला. तो बराच लहान झाला.

मालक मुकुंदराव शितोळे चारला आले. ऑफिसात रणवरे, मी, आणि दाराशी धोंडीराम. मालकांनी चष्मा लावून कागद मोठ्यानं वाचला, त्यांची तशी सवय होती.

“शुक्रवारी दुपारी श्री. रणवरे यांनी गोचिडाचे औषध आणले व अडीचपट प्रमाणात अबोलीला पुसण्यास सांगितले. ते घोड्याला चालत नाही हे मी त्यांना सांगितले. त्यांनी ऐकले नाही. नंतर धोंडीराम वाघमोडे यांनी पुसावे का असे मला विचारले. मला धोका माहीत असून मी ‘साहेब सांगतील तसं करा’ म्हणाले. शनिवारी सकाळी वाघमोडे यांनी पुसले, पाजले नाही. घोडी मलूल झालेली पाहून त्यांनी स्वतःहून थांबून तिला धुतले व इतर घोड्यांना औषध लावले नाही. मी डॉक्टरांना बोलवा म्हणाले, श्री. रणवरे यांनी फोनची वायर ओढली.”

“खोटं आहे,” रणवरे म्हणाले. “या बाईंना माशा कमी करता येईनात म्हणून—”

“वायर?” मालकांनी भिंतीकडे पाहिलं. ती अजून तशीच लोंबत होती.

रणवरे मालकांच्या जवळ सरकले आणि म्हणाले, “दादा, ही घरातली गोष्ट आहे. बाहेरच्यांसमोर नको.”

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, त्यात रागापेक्षा वैताग जास्त होता. घरातलं भांडण कुणीतरी रस्त्यावर आणावं तसा.

“पोलिसांचं काही नको,” ते म्हणाले. “घोडी गेली, गेली. धोंडीराम, तू उद्यापासून येऊ नकोस. बाई, तुम्हीही.” कागदाची घडी करून त्यांनी तो आतल्या खिशात घातला. “आणि हा माझ्याजवळ राहील.”

“आणि रणवरे?” मी विचारलं.

“ते मी बघतो.”

“काय बघता?” माझा आवाज मलाच ओळखू येईना. “त्यांनी एक गाभण घोडी मारली आणि ते एका माणसाच्या गळ्यात घालत होते. तुमच्या खुर्चीत बसून. काय बघता तुम्ही?”

“बाई,” मालक म्हणाले, “गाडी सहाला जाते. सामान बांधा.”

सामान थोडंच होतं. फाटकाशी पाण्याचा दगडी हौद होता, तिथं धोंडीराम थांबले होते. पायांशी घोंगडी आणि पत्र्याचा डबा. मला वाटलं, निरोपाचं काही बोलतील.

“त्यो कागद मालकाच्या खिशात गेला,” ते म्हणाले.

“हो.”

“उद्या मी फलटणला जाणार, तिकडं दोन पागा हायत. माझ्या आधी साहेबाचा फोन जाईल तिथं. वायर काय, जोडून घेत्याल. घोडी मारणारा येतोय म्हणून.” त्यांनी हौदाच्या कडेवर हात ठेवला. “मला त्यो कागद पायजे.”

मी वहीचं पान काढलं आणि हौदाच्या कडेवर ठेवून सगळं पुन्हा लिहिलं, शब्दाला शब्द. ते शेजारी उभे राहून बघत होते. ‘मोठं काढा,’ मधेच म्हणाले. मी अक्षर मोठं काढलं. ‘साहेब सांगतील तसं करा’ या ओळीशी मी क्षणभर थांबले, तेव्हा ते काही बोलले नाहीत, पण हललेही नाहीत. मी ती लिहिली. खाली सही केली आणि कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो बोट फिरवत वाचला. पहिल्या ओळीपासून. फाटकापाशी एस.टी.चा हॉर्न वाजला, तरी त्यांनी घाई केली नाही. शेवटी बोट सहीवर येऊन थांबलं.

“ही काय हाय?”

“माझी सही.”

“ही कुणाला कळणार?” त्यांनी कागद पुन्हा हौदावर ठेवला आणि वारा नेऊ नये म्हणून त्याचा कोपरा अंगठ्यानं दाबून धरला. “नाव काढा. पुरतं. कुठल्या, काय शिकलेल्या, सगळं.”

मी लिहिलं. उर्मिला दत्ताराम गवाणकर, एम.एस्सी. (कीटकशास्त्र). त्याखाली माझ्या घरचा, मालवणचा पत्ता.

त्यांनी तेही वाचलं. मग कागदाची चार घड्या करून डब्यात ठेवला, झाकण दाबलं, घोंगडी खांद्यावर टाकली आणि माझ्याशी एक शब्द न बोलता गाडीत चढले.